काजूच्या हंगामातली ट्यूब



फेब्रुवारी-मार्चात ओले काजूगर सोलताना बियेच्या सालीतला चीक बोटांना लागतो. हाताला राख किंवा खोबरेल तेल चोळले तरी थोडाफार लागतोच. कातडी काळी पडते, फोड येतात, साल निघते आणि खाजेमुळे रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. दुखणे फार वाढले तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी एक मलम लिहून देतात. हात बरा होतो आणि अर्धी राहिलेली ट्यूब कपाटावर जाऊन बसते. आजचे हे लिखाण त्या अर्ध्या ट्यूबविषयी आहे.

पावसाळा लागतो. लावणीच्या दिवसांत माणसे चिखलात उभी असतात, ओल्या कपड्यांनीच जेवतात. इब्रामपूर-हणखणेच्या बाजूला आषाढात कपडे वाळत नाहीत, हे मी तुम्हांला सांगायला नको. मग जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टा उठतो. कडेला लाल, मध्ये फिका. हा नायटा. दुखण्याची जागाच अशी की सांगायची लाज वाटते, बायकांना तर फारच. सबब ती ट्यूब खाली येते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते. मग घरातली इतर मंडळीही तीच लावू लागतात.

काजूच्या चिकाने होतो तो दाह. नायटा ही बुरशी आहे, भातावरच्या करप्यासारखी जिवंत आणि पसरणारी. ट्यूबमध्ये असते ते बहुधा स्टेरॉइड. ते दाह दाबते, पण बुरशी मारीत नाही. रानडुक्कर शेतात शिरल्यावर कुत्रा भुंकतो. कुत्र्यालाच झोपेचे औषध दिले तर घर शांत होईल, पण सकाळी पीक उरणार नाही. नायट्यावर स्टेरॉइड लावणे म्हणजे हेच. चट्ट्याचे मूळ रूप पुसले जाते आणि डॉक्टरलाही तो ओळखणे कठीण होते. अशा लपलेल्या नायट्याचे वर्णन इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 1968 सालीच करून ठेवले आहे.

तुम्ही म्हणाल, फादर, दुकानदाराने दिलेल्या ट्यूबमध्ये तर बुरशीचे औषधही आहे. असते, खरे आहे. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक अशी तिन्ही एकाच ट्यूबमध्ये घातलेली असतात. कुठला रोग आहे ते न पाहता सगळ्यांवर एकदम गोळी झाडायची, असा हा प्रकार. त्यातले स्टेरॉइड बहुतेकदा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. क्लोबेटासोल तर सर्वांत तीव्र गटातले. जांघेची कातडी मुळातच नाजूक. तिथे ते महिनोन् महिने लावले तर ती पातळ होते आणि तांबडे पट्टे उमटतात. त्यांचे वळ पुढे जन्मभर राहतात. चेहऱ्यावर लावले तर पुटकुळ्या, लाली आणि नको तिथे केस. डोळ्यांजवळ वापरत राहिल्यास काचबिंदू-मोतीबिंदूचा धोका आहे. तान्ह्या मुलांच्या अंगात तर ते कातडीतून अधिक प्रमाणात शोषले जाते.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. 2018 साली कायद्यातली पळवाट बंद करून ही स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरले. त्याच वर्षी 7 सप्टेंबरला 328 मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत अशी काही मलमेही होती. पण कायदा दिल्लीत होतो आणि ट्यूब आपल्या बाजारात विकली जाते. दुकानदाराला दोष द्यावाच लागेल. मात्र चिठ्ठी न नेता ‘मागची तीच द्या’ म्हणणारे आपणच असतो. दरम्यान भारतात एक हट्टी बुरशी बळावली आहे. 2020 साली तिला जे शास्त्रीय नाव मिळाले त्यात आपल्या देशाचे नाव गुंफलेले आहे: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नेहमीच्या टर्बिनाफिनला ती पुष्कळदा दाद देत नाही. 2023 साली न्यूयॉर्कमध्येही तिचे रोगी आढळले. काजू परदेशी गेला तर अभिमान वाटतो. हिचे काय सांगावे!

मिश्र औषध म्हणजे वाईटच, असे मात्र माझे म्हणणे नाही. मुरुमांसाठी क्लिंडामायसिन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड यांचे जेल डॉक्टर देतात, आणि त्या जोडीला कारण आहे: नुसत्या जंतुनाशकाला जंतू सरावतात, पेरॉक्साइड ते होऊ देत नाही. फक्त उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, म्हणून पांढरा घ्यावा. काही जेलमध्ये अडापॅलिन असते. ते रात्री, मटाराएवढे, सगळ्या चेहऱ्यावर पातळ लावायचे. सुरुवातीला चुरचुरते, दिवसा उन्हात काम असेल तर टोपी किंवा पदर हवाच. गरोदर बाईने ते वापरू नये.

आता नायट्याचे. नुसते बुरशीनाशक मलम डॉक्टरांनी दिले असेल तर चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे जागेपर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पुरे करावेत. बहुतेक जण इथेच चुकतात. पुष्कळांना गोळ्याही आठवडेच्या आठवडे घ्याव्या लागतात. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवावा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन कोरडे करून इस्त्री करावेत आणि घरात ज्यांना ज्यांना खाज आहे त्या सर्वांनी एकदमच उपचार घ्यावेत. नाहीतर नवऱ्याचा बरा होतो तोवर बायकोचा परत येतो.

कासारवर्णेच्या आरोग्य केंद्रात जायला अर्धा दिवस मोडतो, बांबोळीच्या गोमेकॉत जायला पुरा. लावणीच्या दिवसांत हे सोपे नाही, मला कळते. म्हणूनच आरोग्य खात्याने जुलै-ऑगस्टमध्ये गावांतच त्वचारोगाची तपासणी ठेवावी आणि बायकांसाठी बाई डॉक्टर पाठवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लाजेचा प्रश्न त्याशिवाय सुटणार नाही.

तोवर एक करा. कपाटावरची ट्यूब खाली काढा. तिच्यावर आरएक्स खूण, तांबडी रेघ किंवा क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव आहे का, मुलांकडून वाचून घ्या. असेल आणि तुम्ही ती पुष्कळ दिवस लावीत असाल, तर लपवू नका. खोक्यासकट पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि किती महिने लावली ते खरे सांगा. चेहऱ्यावर लावलेली एकदम बंद केली तर कातडी भडकते, तेव्हा कशी सोडायची तेही तिथेच विचारा.