मांडीवरचा बादशहा

आमचं पिंपरी पेंढार कल्याण–नगर रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाट्याच्या मध्ये. गावातून पश्चिमेकडं गेलं की ओतूर, मढ, माळशेज घाट, आणि घाट उतरून पुढं शहापूरजवळ माहुलीचा किल्ला. आळेफाट्याहून नाशिक रस्त्यानं वर गेलं की संगमनेर तालुक्यात पेमगिरी. नैर्ऋत्येला जुन्नर, शिवनेरी, आणि त्याच्याही पलीकडं नाणेघाटाच्या तोंडाशी जीवधन. एक अख्खी बादशाही या चार ठिकाणांच्या दरम्यान उभी राहिली आणि संपली. जीवधनवरून तिचा राजा आणला, पेमगिरीवर गादीवर बसवला, आमच्या जुन्नर परगण्याच्या जिवावर चालवला आणि माहुलीवर शत्रूच्या हवाली केला. 1633 ते 1636, जेमतेम तीन वर्षं. राजाचं नाव मुर्तजा निजामशाह. तो लहान मूल होता.

शेजारच्या राज्याच्या फौजेवर उभी राहिलेली ही सल्तनत होती. अशा राज्यांबद्दल जगाच्या इतिहासात बरंच लिहिलं गेलंय. आपल्या दारातल्या या राज्याबद्दल मात्र पाठ्यपुस्तकात दीड-दोन ओळी असतात, आणि त्या ओळींचा कर्ता शहाजीराजे असतात. मुर्तजा कर्म असतो. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून कर्ता-कर्म चटकन नजरेत भरतं.

आधी प्रकरण काय होतं ते पाहू. निजामशाहीचा जन्मच जुन्नरचा. मलिक अहमदनं 1490 मध्ये बहमनींपासून फुटून इथं स्वतंत्र सत्ता उभी केली. अहमदनगर त्यानंतर वसलं. या घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, मुसलमान झालेला. शेवटच्या काळात हे राज्य पेलून धरलं ते मलिक अंबरनं, जो हबशी होता. 1626 मध्ये तो गेला आणि दरबारात माणसं एकमेकांचे गळे कापू लागली. जुलै 1629 मध्ये दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवरावांना, म्हणजे जिजाऊंच्या वडिलांना, मुलांसह कापून काढलं. पुढं मलिक अंबरच्याच मुलानं, फतेहखानानं, सुलतानाला ठार करून हुसेन नावाच्या पोराला गादीवर बसवलं. वर 1630 पासून दुष्काळ. त्या दुष्काळानं दख्खनची गावंच्या गावं ओस पडली. 1633 च्या जूनमध्ये महाबतखानानं दौलताबाद घेतलं. फतेहखानाला तनखा मिळाला, हुसेनला ग्वाल्हेरचा तुरुंग.

मुघलांच्या लेखी निजामशाही तिथंच संपली. शहाजीराजांच्या लेखी नाही. त्यांनी जीवधनवर अटकेत असलेला निजामशाही घराण्यातला मुलगा सोडवून आणला आणि 1633 च्या पावसाळ्याअखेरीस पेमगिरीवर त्याच्या नावानं राज्य पुकारलं. मुलगा दरबारात एकटा बसेना म्हणून शहाजीराजे त्याला मांडीवर घेऊन बसत, अशी कथा आपल्याकडं सांगितली जाते. कारभार त्यांचा, शिक्का मुलाचा. आणि पाठीशी विजापूर: आदिलशाहीचा सर्वेसर्वा खवासखान आणि त्याचा उजवा हात मुरार जगदेव. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नावेच्या युक्तीनं हत्तीची तुला केली आणि नागरगावाचं तुळापूर झालं असं म्हणतात, तोच हा मुरारपंत.

आता या यादीकडं जरा थांबून पाहा. गादीवर पाथरीच्या ब्राह्मणाचा मुसलमान वंशज. कारभारी मराठा, त्याचं आणि धाकट्या भावाचं नाव नगरच्या शाह शरीफ पीरावरून ठेवलेलं असं मानतात. मदतीला विजापूरचा खान आणि त्याचा ब्राह्मण सरदार. समोर दिल्लीची मुसलमान पातशाही, आणि तिच्या फौजेत राजपूत आणि मराठे दोन्ही. यात हिंदू विरुद्ध मुसलमान हा सामना ज्याला शोधायचाय त्यानं खुशाल शोधावा. मला सापडत नाही. त्या काळची भांडणं दख्खन आणि दिल्ली यांची होती, सरदारा-सरदारांची होती, परगण्यांची होती.

पण मला एवढ्यावर थांबायचं नाही, कारण एवढं तर आपल्याकडचे बरेच लोक लिहितात. माझं भांडण थोडं घरातलंही आहे.

मुलांची सहल शिवनेरीला नेली की कमानी मशिदीपाशी प्रश्न ठरलेला असतो : "सर, किल्ल्यावर मशीद कुणाची?" निजामशाहीची, म्हटलं की पुढचा प्रश्न येतो : "मग शहाजीराजे निजामाकडं कसे?" हा प्रश्न विचारणाऱ्या पोराच्या आवाजात थोडी लाज असते आणि शेजारच्या मुसलमान पोराच्या चेहऱ्यावर थोडा आनंद असतो. दोन्ही मला खटकतात. कारण मोठी माणसंही हेच करतात. एका बाजूचे म्हणतात, शहाजीराजांनी निजामशाहीचं फक्त नाव वापरलं, आत स्वराज्याचाच प्रयत्न होता. मुलगा म्हणजे नुसता पडदा. आपल्या बाजूचे वक्ते छाती फुगवून म्हणतात, पाहा, शिवाजी महाराजांचे वडील मुसलमान बादशहाला मांडीवर घेऊन बसले! टाळ्या पडतात. म्हणजे 1633 मध्ये ज्याला दाखवण्यासाठी गादीवर बसवलं, त्याला आपण आजही दाखवण्यासाठीच वापरतो. कुणी पडदा म्हणून, कुणी सलोख्याचा दाखला म्हणून. त्या मुलाचं काय झालं, हे दोन्हीकडच्या भाषणांत येत नाही.

ते राज्य पडलं का, हे पाहिलं की त्याचं काय झालं तेही कळतं.

पहिली दोन वर्षं नशीब बरं होतं. 1634 मध्ये परांड्याचा वेढा मुघलांना उठवावा लागला आणि त्याच वर्षी महाबतखान मेला. जुन्नर, संगमनेर, त्र्यंबकपासून कोकणातल्या माहुलीपर्यंतचा मुलूख मुर्तजाच्या नावानं चालू लागला. शहाजीराजांचं कर्तृत्व यात निर्विवाद आहे. दुष्काळानं पिळून निघालेल्या मुलखातून फौज उभी करणं, मुघलांना दोन वर्षं झुलवत ठेवणं, हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हतं. पण हिशेबाची एक बाजू त्यांच्या हातात कधीच नव्हती. विजापूरला मुर्तजा हवा होता तो दिल्ली आणि विजापूर यांच्यामध्ये एक भिंत म्हणून. भिंतीवर माणूस जीव लावत नाही. आणि विजापूरमधला तो हिशेबसुद्धा सगळ्या दरबाराचा नव्हता, खवासखानाच्या गटाचा होता. 1635 मध्ये मुहंमद आदिलशाहाच्या दरबारात पारडं फिरलं, मुस्तफाखानाचा गट वर आला. खवासखान मारला गेला, पाठोपाठ मुरार जगदेवही. पेमगिरीच्या गादीचे दोन्ही खांब एका वर्षात गेले, तेही रणांगणावर नाही, विजापूरच्या घरगुती भांडणात.

1636 च्या सुरुवातीला शाहजहान स्वतः दौलताबादला येऊन बसला. त्याच्या फौजा विजापूरच्या मुलखात घुसल्या, गावं जाळली. विजापूरकरांनी शहापूरचा तलाव फोडून राजधानीभोवती पाणी पसरवलं आणि शहर वाचवलं, पण लढाई पुढं रेटायची ताकद नव्हती. मे महिन्यात तह झाला. आदिलशाहानं 20 लाख रुपये द्यायचे, बादशहाचं वर्चस्व मानायचं, आणि निजामशाही मुलूख दोघांनी वाटून घ्यायचा. जुन्नर-संगमनेर मुघलांकडं, भीमा-नीरेमधला मुलूख आणि कोकणचा भाग विजापूरकडं. शहाजीनं जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले सोडल्याशिवाय त्याला नोकरीत घ्यायचं नाही, हेही कलम. ज्याचं राज्य वाटलं जात होतं त्याला कुणी विचारलं नाही. तहात तो राजा म्हणून नव्हताच. मुघल तवारिखा या घराण्याला 'निजामशाह' म्हणतच नाहीत; 'निजामुल्मुल्क' म्हणतात, म्हणजे कुणाचा तरी सरदार. शहाजीराजे तिथं 'साहू भोसला' आहेत. फारसी वाचता येणाऱ्याला या एका शब्दातच सगळा निकाल कळतो.

एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोत असंच झालं. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियननं ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातला मॅक्सिमिलियन 1864 मध्ये तिथं सम्राट म्हणून नेऊन बसवला. फ्रान्सला परवडेनासं झालं, फौजा परत निघाल्या, आणि जून 1867 मध्ये मेक्सिकोच्या लोकांनी त्याला गोळ्या घातल्या. त्याच्यावर नाटकं झाली, मानेनं त्याच्या मृत्यूची चित्रं काढली. तरी मॅक्सिमिलियन मोठा माणूस होता, बोटीत बसताना त्याला नाही म्हणता आलं असतं. जीवधनवरच्या पोराला कुणी विचारलंही नसेल. आणि मॅक्सिमिलियनवर बंदुका रोखणारे निदान त्याचे शत्रू होते. मुर्तजाच्या बाबतीत पाठिराखाच उलटून चालून आला. तहानंतर विजापूरनं आपला रणदुल्लाखान मुघलांच्या खानजमानसोबत शहाजीराजांच्या पाठलागावर धाडला. काल ज्या फौजेनं गादीला खांदा दिला, तीच आज माहुलीच्या पायथ्याशी.

माहुलीचा डोंगर मुंबईकडं रेल्वेनं जाताना आसनगावला दिसतो. त्याचे सुळके विसरता येत नाहीत. पावसाळाभर पळत, घाट चढत-उतरत शहाजीराजे मुर्तजाला घेऊन तिथं पोचले होते. वेढा पडला. त्यांनी मुघलांच्या नोकरीची तयारी दाखवली; उत्तर आलं, नोकरी हवी तर आदिलशाहाकडं जा. अखेर 1636 सरता सरता त्यांनी मुलगा खानजमानच्या ताब्यात दिला. सोबत किल्लेही द्यावे लागले : जुन्नर, त्र्यंबक आणि इतर काही. त्यात जीवधनही होता.

शहाजीराजांनी दगा दिला का? आमच्या एका उर्दू मित्राचं ठाम मत आहे, दिला. मला तसं वाटत नाही. वेढ्यात अडकलेल्या माणसापुढं, सगळे मित्र उलटल्यावर, पर्याय उरले नव्हते. पण त्यांनी स्वतःसाठी विजापूरची नोकरी आणि पुणे-सुप्याची जहागीर राखली आणि मुलाच्या वाट्याला तुरुंग आला, हेही खरंच आहे. पहिलं मानायचं आणि दुसरं गिळायचं, असं मी वर्गात करत नाही. शहाजीराजे याच्यानं लहान होत नाहीत. ते ज्या जगात जगले ते जग तसं होतं.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मुर्तजा गादीवर बसला तेव्हा शिवनेरीवर जन्मलेले शिवबा तीन वर्षांचे होते, आणि मुर्तजा कैद झाला तेव्हा सहा. एकाच तालुक्याशी जोडलेली दोन मुलं. एकाच्या पुढं जे घडत होतं ते दुसऱ्याच्या घरात बोललं जात असणार. शिवाजी महाराजांनी पुढं कुणाही बादशहाच्या पोराला गादीवर बसवून त्याच्या आडून राज्य केलं नाही. दुसऱ्याच्या फौजेच्या भरवशावर उभं राहिलेलं राज्य वडिलांच्या हातून कसं निसटलं, ते त्यांनी जवळून ऐकलं होतं, एवढं म्हणायला मला संकोच वाटत नाही. 1657 मध्ये मुघल मुलखावर त्यांनी हात टाकला तो जुन्नरवर. शिवनेरी मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही.

पेमगिरीवर लोक आज जातात ते प्रचंड वडाचं झाड पाहायला आणि शहागड म्हणून गड पाहायला. जुन्नरला हबशी महाल आहे, सौदागर घुमट आहे, निजामशाहीचं मूळ गावच ते. मुर्तजाच्या नावानं एक साधा फलक यातल्या कुठल्याही जागी लावता येईल. त्यावर ना स्वराज्याचा पडदा लिहायचा, ना सलोख्याचा दाखला. नाव, साल, आणि 'इथून त्याला नेलं' एवढंच.

नेलं ते ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, जिथं मुघल आपले राजकैदी ठेवत. त्या घराण्यातला तो तिथं गेलेला पहिला नव्हता. 1600 मध्ये नगर पडलं तेव्हा बहादूर निजामशाहाला तिथं नेलं होतं. त्याला चांदबीबीनं गादीवर बसवलं होतं आणि तिला तिच्याच माणसांनी मारलं. 1633 मध्ये हुसेन गेला, ज्याला फतेहखानानं बसवलं होतं. 1636 मध्ये मुर्तजा. तिघांनाही नीट कळू लागण्याआधीच कुणीतरी उचलून तख्तावर ठेवलं होतं.