घर सांभाळून

वसई तालुक्याच्या पूर्व भागात, महामार्गाच्या बाजूला, शिरसाड, मांडवी, पारोळ या गावांच्या शेजारात चांदीप हे गाव आहे. विरारची उपनगरी गाडी आणि तुंगारेश्वरचे रान यांच्या मधला हा पट्टा. भातशेती अजून आहे, पण केवळ तिच्यावर घर चालत नाही. पुरुषमाणसे सकाळीच विरार-नालासोपाऱ्याकडे, भिवंडीकडे किंवा थेट मुंबईला कामासाठी बाहेर पडतात. अशा गावांमधून हल्ली एक पाटी वरचेवर दिसते. पत्र्यावर किंवा नुसत्या पुठ्ठ्यावर रंगवलेली: ‘येथे ब्लाऊज, पंजाबी ड्रेस शिवून मिळतील. फॉल-पिको करून मिळेल.’ पाटीमागे दुकान नसते, राहते घर असते. ओसरीवर उजेडाच्या बाजूला शिवणयंत्र असते आणि त्याच्या पायथ्याशी बहुधा एक लहान मूल.

या बाईविषयी आपण कौतुकाने म्हणतो, ‘घर सांभाळून चार पैसे मिळवते.’ वाक्य खरे आहे आणि कौतुकही मनापासूनचे आहे. पण ‘घर सांभाळून’ या दोन शब्दांत आपण नेमके काय काय गुंडाळून टाकतो, ते कधीतरी सोडून पाहायला हवे. कुटुंबसंस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर ते आधी पाहायला हवे.

शिवणकाम हे एकच काम नाही. त्यात माप घेणे आहे, कापड बेतणे आहे, मग शिवणे, काज-बटण, हूक, फॉल-पिको, इस्त्री. यांतली काही कामे तुकड्यातुकड्यांनी करता येतात. फॉल लावता लावता उठून दूध उतरवता येते, परत येऊन टाका तिथूनच पुढे नेता येतो. बेतण्याचे तसे नाही. गिऱ्हाइकाने विश्वासाने आणून दिलेल्या रेशमी खणावर खडूची रेघ ओढायची, अस्तर जुळवायचे, कटोरीचा बाक काढायचा आणि कात्री चालवायची. हे पाऊण तासाचे काम पाऊण तास सलगच मिळावे लागते. मधेच मूल पडले, रडले, चुलीकडे धावले आणि कात्री अर्ध्या इंचाने चुकली तर नुकसान केवळ कापडाचे होत नाही. ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही आणि चार घरी सांगते ते वेगळेच. म्हणून घरी शिवणाऱ्या बहुतेक आया बेतण्याचे काम मुले झोपल्यावर रात्री करतात, नाहीतर पहाटे. दिवसभराच्या कामानंतर, अपुऱ्या उजेडात, सर्वांत जोखमीचे काम! आणि ‘ही तर घरीच असते’ असे म्हणणाऱ्यांना ती रात्र दिसत नाही.

यंत्राची स्वतःची जोखीम आहेच. पायट्याच्या चाकात बोट, खाली पडलेली टाचणी, तोंडात घातलेले बटण किंवा हूक, हाताला लागलेली कात्री. आमच्या लहानपणी घरात शिवणयंत्र होते. त्याच्या लोखंडी पायांमधली जागा ही आम्हा भावंडांची हक्काची खोली होती. वर खडखड चालू असे, आणि आमच्यापैकी कुणी पायट्याकडे हात नेला की वरून आईचा तळवा चाकावर पडून सारे क्षणात थांबे. आज आठवताना लक्षात येते की तिचे अर्धे लक्ष सुईवर आणि अर्धे सतत खाली असले पाहिजे. तेव्हा आम्हाला ते कळण्याचे कारण नव्हते. आता बहुतेक यंत्रांना वीजमोटर लागली आहे. काम वेगाने होते, पण तळवा ठेवून मोटर थांबत नाही.

दुसरी अडचण हंगामाची. शिवणाचे काम वर्षभर सारखे नसते. लग्नसराईत, गणपती-नवरात्र-दिवाळीच्या आधी आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना ते एकदम अंगावर येते. मुलांचे वर्षही नेमके त्याच वळणांनी चालते. लग्नसराईच्या तोंडाशी वार्षिक परीक्षा असते, मेमध्ये मुले दिवसभर घरात असतात, जूनमध्ये पहिलीत घातलेले मूल रोज रडून शाळेत जाते. म्हणजे ज्या आठवड्यांत गिऱ्हाइकाचा वायदा मोडता येत नाही, त्याच आठवड्यांत मुलालाही आई जास्त हवी असते. नोकरी करणारी स्त्री रजेचा अर्ज करते, तो कधी मंजूर होतो, कधी होत नाही. हिने अर्ज करायचा तो कुणाकडे?

मोबदल्याचे गणित तर सहसा मांडलेच जात नाही. दोरा, अस्तर, हूक, वीज यांचा हिशेब होतो, वेळेचा होत नाही. ओळखीचे आणि नात्यातले ‘घरचीच आहेस’ म्हणून पैसे पुढच्या महिन्यावर ढकलतात. गावाबाहेरच्या कारखानदाराचे नगावर घेतलेले काम असेल तर दर मधला माणूस ठरवतो, आणि दोऱ्यापासून यंत्राच्या तेलापर्यंतचा खर्च हिच्याच पदरात पडतो. घरी बसून दुसऱ्याचे काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये स्वतंत्र करार केला. घरकामगाराला इतर मजुरांच्या बरोबरीने वागवावे, हा त्याचा गाभा. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. आपल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरबसल्या काम करणाऱ्याची व्याख्या आली, हे पाऊल पुढचे आहे. पण २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेली २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सक्ती यांचा उपयोग चांदीपच्या ओसरीवर शून्य. जिथे मालकच नाही, तिथे सक्ती कुणावर करणार?

महाराष्ट्रात स्त्रीच्या हाती सुई देण्याचा विचार नवा नाही. नामदेव महाराजांच्या शिंपी घराण्याचे नाव आपण आदराने घेतो, पण पिढ्यान्पिढ्या हा व्यवसाय म्हणून पुरुषांचा होता. बायका त्याला हातभार लावीत, नाव पुरुषाचे असे. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले, तेव्हा विधवांना आणि परित्यक्तांना स्वतःच्या पायावर उभे करणाऱ्या शिक्षणात शिवणालाही जागा होती. त्या पिढीने एक गोष्ट ओळखली होती. बाईला कौशल्य द्यायचे तर आधी तिला घरातून चार तास मोकळे करावे लागते. पुढे शिवणवर्ग गावोगाव निघाले, पण ते चार तास मोकळे करण्याचा विचार मात्र मागे राहिला. उलट हळूहळू समज असा झाला की यंत्र घरात आले की बाईला मोकळे करण्याची गरजच संपली.

‘लिज्जत’चे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातली व्यवस्था मात्र कमी जणांच्या लक्षात येते. पीठ एका जागी मळले जाते, बहिणी ते घरी नेऊन लाटतात, वाळलेले पापड परत देऊन मजुरी घेतात. कच्चा माल, दर्जा, विक्री, वसुली यांतले काहीही एकट्या बाईच्या डोक्यावर नाही. घरी आणलेला आहे तो केवळ तेवढाच भाग, जो मुलांत राहून, मधेच उठून करता येतो. शिवणात हे जसेच्या तसे होणार नाही, हे मान्य. ब्लाऊज हा पापडासारखा एकसारखा नसतो. पण चार-पाच जणींनी मिळून एका जागी बेतायचे आणि शिवायला घरी न्यायचे, एवढे तर कोणत्याही गावात शक्य आहे. बेततानाची ती दोन तासांची वेळ ठरलेली असेल तर त्या वेळेपुरती मुले सांभाळण्याची पाळीही ठरवता येते.

एकत्रित कामाचा सरकारी प्रयोग कसा फसू शकतो, तेही आपण नुकतेच पाहिले. २०२४-२५ च्या शालेय वर्षात राज्य सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ हे धोरण आणले. कापड राज्य पातळीवर खरेदी करायचे आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून करून घ्यायची, अशी कल्पना होती. हेतू उत्तम. परंतु शाळा सुरू होऊन आठवडे उलटले तरी अनेक मुलांना गणवेश मिळाले नाहीत. ज्यांना मिळाले त्यांतल्या कित्येकांना ते बसेनात. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि पुढील वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी टीका झाली, आणि तिचा काही भाग नाहक त्या शिवणाऱ्या बायकांच्या वाट्याला आला. मुलाला न पाहता, त्याचे माप न घेता शिवलेला कपडा अंगावर बसत नाही, हे त्यांतल्या कोणत्याही बाईने आधीच सांगितले असते. तिला विचारले कुणी? आता तोच निधी शाळेच्या समितीकडे येतो आहे, तर समितीने बाजारातला तयार माल उचलण्याऐवजी गावातल्याच शिवणाऱ्यांना एप्रिलमध्ये मापे घेऊ द्यावीत. दोन महिने हाती असतील तर जूनची रात्र जागावी लागणार नाही.

सरकारी योजना नाहीत असे नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता. हे सर्व चांगलेच आहे. पण प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे आहे, आणि दीड वर्षाच्या मुलाच्या आईने ते दिवस काढायचे कसे, हा प्रश्न अर्जाच्या नमुन्यात नसतो. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली, तिने अंगणवाडी दिली. त्या अंगणवाडीचे ऋण मोठे आहे, पण ती दिवसातले मोजके तास चालते. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना दिवसभर सांभाळणारी ‘पाळणा’ योजना केंद्राने २०२२ पासून ‘मिशन शक्ती’त घेतली. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची त्यात तरतूद आहे. ती आपल्या गावासाठी मागण्याचे काम कुणीतरी करायला हवे.

आणि घरातली माणसे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया विनामोबदला कामात दिवसाला २८९ मिनिटे घालवतात, आणि पुरुषांपैकी जे घरकाम करतात, ते ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, पुरुषाचीही नऊ वाचली! मुलांचे करणे यात धरलेले नाही, ते वेगळे. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना आपण नेहमी म्हणतो की आपल्याकडे आजी-आजोबा हेच पाळणाघर. जिथे ते आहेत तिथे हे खरेच आहे. पण वसई-विरारच्या पट्ट्यात कामधंद्यासाठी येऊन राहिलेल्या असंख्य घरांत सासू कोकणात किंवा घाटावर गावी असते, आणि जिथे ती घरी आहे तिथेही पुष्कळदा तीच शेतावर जाते. ज्या व्यवस्थेच्या भरवशावर आपण निश्चिंत आहोत, ती प्रत्येक घरात आहे का, हे एकदा मोजून पाहायला हरकत नाही.

आता थोडे आपल्या स्वतःविषयी. सेवाकार्य करणाऱ्या संस्था शिवणयंत्रे वाटतात. त्यात आपल्या विचारांच्या संस्था आहेत, इतरांच्याही आहेत. मंचावर पाहुणे असतात, मातृशक्तीचा गौरव होतो, यंत्राला हार घातला जातो, छायाचित्र निघते. अशा समारंभांना अनेकदा उपस्थित राहिल्यामुळे हे लिहिताना संकोच वाटत नाही. वर्ष-दोन वर्षांनी त्याच घरी गेलो की कधी यंत्र जोरात चालू दिसते आणि मन भरून येते. कधी मात्र त्याच्यावर चादर टाकून दूरचित्रवाणी संच ठेवलेला असतो. कारण विचारले तर ‘धाकटा झाला ना, मग जमेना’ एवढेच उत्तर येते. यंत्र नादुरुस्त नसते, बाई आळशी नसते, गिऱ्हाइकेही असतात. तिला मिळत नाहीत ते दुपारचे दोन तास.

दोन तास हार घालून देता येत नाहीत, हे खरे. पण गावात देऊळ असते, समाजमंदिर असते, दुपारी बंद असलेली शाळेची खोली असते, आणि नातवंडे परगावी असल्यामुळे रिकामपण खायला उठलेल्या दोन-चार आजीबाई असतात. अंगणवाडी सुटते ती दुपारच्या जेवणाच्या सुमारास, नवरा घरी येतो दिवेलागणीनंतर. मधले तास गावाने कुठे ठेवायचे, एवढे ठरवून मगच यंत्रवाटपाची तारीख घ्यावी.