कोंबडा कुणाचा, हे नियमाने विचारू नये

अमरावती असो की अकोला, वस्तीतला कोंबडा पहाटे आरवला की बाजूच्या कॉलनीतून दम येतो: "रहिवासी भागात हे चालणार नाही." कोणत्या नियमाने? ते कुणी सांगत नाही.

शहरात गुरं पाळण्यावर नियंत्रण ठेवणारा राज्याचा 1976 चा कायदा आहे. घाण, रोगराई रोखणं हे महापालिकेचं कामच आहे. त्याला आपला विरोध नाही. सवाल वेगळा आहे. बंगल्यातला रात्रभर भुंकणारा कुत्रा 'हौस' आणि वस्तीतल्या माउलीच्या चार कोंबड्या 'उपद्रव', हे कसं?

कुणाकडे कोणतं जनावर असावं, हे जातीवरून ठरवणारा ग्रंथ इथं पूज्य होता. चांडाळांनी गावाबाहेर राहावं, कुत्री-गाढवं हीच त्यांची संपत्ती, असं मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वात ती जाळली. आता संविधानाचं कलम 14 आहे.

म्हणून तोंडी दम ऐकून खुराडं मोडू नका. लेखी नोटीस मागा, नियमाचा क्रमांक मागा. कोणत्या प्रभागात किती नोटिसा दिल्या, हे माहिती अधिकारात काढा. आणि खुराडं स्वच्छ ठेवा. रात्री 10 नंतर आपल्या जयंतीचा डीजेही बंद ठेवा. समान नियम मागणाऱ्यानं तो आधी स्वतः पाळावा.

जय भीम!