बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका

शहापूर (जि. भंडारा) येथील एका भगिनीचे पत्र आले आहे. "माझ्या धाकट्या जावेला लूपस आहे. वय २७. ३ वर्षांपूर्वी मूत्रपिंडाला सूज आली होती, औषधाने उतरली. आता बरं वाटतं म्हणून तिने दिवाळीपासून गोळ्या बंद केल्या. घरात दुसऱ्या मुलाचा विषय चाललाय. पण हल्ली सकाळी तिचे डोळे सुजतात. काळजीचं कारण आहे का?"

आहे, ताई. लूपसमध्ये शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच अवयवांवर उलटते. दर १० रुग्णांत ९ बायका, आणि त्याही ऐन संसाराच्या वयातल्या! जवळजवळ निम्म्या जणींच्या मूत्रपिंडाला त्याची झळ लागते. मूत्रपिंड दुखत नाही, म्हणून शांत झालेला रोग पुन्हा उचल खातो ते कळतही नाही.

उचल खाण्याची कारणे अशी :

१. औषध मध्येच सोडणे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही यातली पायाची गोळी. ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते. स्टेरॉइड तर एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते.

२. रोग पुरता न शमणे, म्हणजे लघवीतून प्रथिने जात राहणे. रक्तातले सी-३, सी-४ उतरणे हीही धोक्याची खूण.

३. कडक ऊन आणि जंतुसंसर्ग. वैशाखात गच्चीवरची वाळवणं तिच्याकडे देऊ नका.

४. रोग जागा असताना दिवस राहणे.

वाढलेला रक्तदाब आणि मनाने घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाला आणखी दुबळे करतात, हेही ध्यानात असू द्या.

आता काय करायचं? याच आठवड्यात लघवी, क्रिएटिनिन आणि रक्तदाब तपासून घ्या. लघवीला फेस येतो का, पाय सुजतात का, विचारा. जुन्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. नागपूर तुम्हाला जवळ आहे; तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि एम्स आहे. पुढेही दर ३ महिन्यांनी लघवीची आणि वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी चुकवू नका. लोणचं-पापड बेताने.

आणि बाळाचं? लूपस झाला म्हणजे आईपण संपलं, असं मुळीच नाही. मात्र रोग निदान ६ महिने शांत हवा. मायकोफेनोलेट चालू असेल तर ते किमान ६ आठवडे आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावे लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालू ठेवतात. तोवर पाळणा लांबवायचा तर गोळी कोणती, तेही डॉक्टरांनाच विचारा. इस्ट्रोजेनची गोळी अशा वेळी चालत नाही.

सासूबाईंना हे तुम्हीच समजावून सांगा. नातवंडासाठी थोडं थांबलं तर सूनही सुखरूप राहील. दवाखान्यात जाताना तिच्याबरोबर तुम्ही जा. मोठ्या जावेचा तेवढा आधार तिला पुष्कळ आहे.