टेबलाचा तास आणि श्रमिकाची फुरसत

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. फुरसत हा हक्क आहे, हे त्या लढ्याने प्रस्थापित केले. मोहन्यासारख्या कामगार वस्तीत या हक्काचा आज पुन्हा विचार झाला पाहिजे. तेथील एन. आर. सी. कारखाना २००९ साली बंद पडला. पुढच्या पिढीजवळ वेळ आहे. खेळाला मात्र भाडे पडते.

स्नूकरच्या टेबलाचे भाडे तासावर आकारतात. हा दर वरवर समान भासतो. परंतु निष्णात खेळाडूचा डाव लवकर आटोपतो, नवशिक्याचा रेंगाळतो. त्यातच हरणाऱ्याने भाडे भरण्याचा प्रघात. म्हणजे शिकणाऱ्यालाच सर्वाधिक भुर्दंड! १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी सुरू केलेला हा खेळ अशा रीतीने ऐपतदारांचाच राहतो.

जागाभाडे, टेबलाचे कापड, वीज, मार्करचा पगार हे मालकाचे खर्च खरे आहेत. पण दुपारी टेबल रिकामे राहिले म्हणून जागाभाडे कमी होत नाही. तेव्हा त्या वेळी शिकाऊंना निम्मा दर द्यावा. मार्करच्या पगाराला मात्र हात लावू नये. दरपत्रक दर्शनी भागी लावावे आणि भाडे दोघांनी वाटून घ्यावे. कल्याण-डोंबिवली महापालिकेनेही सार्वजनिक सभागृहात टेबल ठेवावे. कार्यकर्त्यांनी ही मागणी क्षुल्लक मानू नये. ज्याची फुरसत विकली जाते, त्याचे स्वातंत्र्य अपुरेच राहते.