सप्त, सेत्ते आणि मावळातील शाळा

कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वी या यवनांनी आपल्या दानाची नोंद येथील प्राकृतात, ब्राह्मी लिपीत केली. परक्यांनी मावळची भाषा आपलीशी केली; मावळच्या मुलांनी मात्र जगाकडे जाताना केवळ इंग्रजीच्याच दारात उभे राहावे काय?

लोणावळा-मावळातील माध्यमिक शाळांत इटालियन हा ऐच्छिक विषय असावा, ही सूचना प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये परकीय भाषांची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांतही इटालियन नाही. तथापि मराठी विद्यार्थ्याला ही भाषा अवघड नाही. तिचे लेखन बहुतांशी उच्चारानुसारी आहे आणि त, द हे वर्ण मराठीप्रमाणेच दंत्य आहेत. शब्दांचे नाते तर त्याहून जवळचे. १५८३ साली भारतात आलेल्या फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने सप्त-सेत्ते, अष्ट-ओत्तो, नव-नोवे, सर्प-सेर्पे ही साम्ये आपल्या पत्रात टिपली. विल्यम जोन्सच्या १७८६ च्या प्रसिद्ध व्याख्यानाच्या दोन शतके आधी! संस्कृत शिकणाऱ्या मुलाला इटालियनमुळे संस्कृतचीच थोरवी नव्याने उमगेल.

व्यवहाराचेही पाहावे. आकुर्डीत १९६० च्या दशकात पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा तयार होत असे. त्याच कंपनीची तीनचाकी 'आपे' बारामतीत बनते. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी, आपे म्हणजे मधमाशी. शब्द दारात येऊन उभे आहेत, अर्थ मात्र अपरिचित राहिला.

खरा प्रश्न स्वतंत्र दृष्टीचा आहे. सावरकरांनी १९०७ साली मॅझिनीचे विचार मराठीत आणले, ते इंग्रजी अनुवादाच्या आधारे. पारतंत्र्यात साधन तेवढेच होते. स्वतंत्र देशाने युरोपकडे इंग्रजांच्याच चष्म्यातून पाहत राहणे ही केवळ सवयीची गुलामी होय.

शिक्षक कोठून आणायचे, ही अडचण खरी आहे. त्यासाठी चार-पाच शाळांनी मिळून एक शिक्षक नेमावा आणि नववीपासून आरंभ करावा. त्याआधी मराठीचा पाया पक्का हवा, याविषयी तडजोड नको. ज्याचे स्वतःचे घर भक्कम, त्यालाच शेजाऱ्याच्या घरी ताठ मानेने जाता येते.