नवे यंत्र आणि पहिला रुग्ण

वाफारा, नाडीस्वेद, धूमपान यांसाठी नवे यंत्र आले, की ते खोक्यातून काढून थेट रुग्णाच्या नाकातोंडाशी नेण्याची रीत आपल्या व्यवसायात रूढ झाली आहे. वस्तू कोरी आहे, वेष्टन बंद आहे, त्या अर्थी ती स्वच्छच असणार, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक आम्हांस मान्य नाही, आणि शास्त्रासही ते कधी मान्य नव्हते. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात बस्तिपुटकाचे वर्णन करताना ते दृढ, पातळ व मृदू असावे एवढ्यावर समाधान मानलेले नाही. ते विगंध व सुशुद्ध असावे, असेही सांगितले आहे. ही अट जुन्या, वापरलेल्या पुटकाची नव्हे. नवे यंत्र सिद्ध करतानाची आहे. आज पुटकाची जागा रबराने व प्लास्टिकने घेतली, तेव्हा ही अट मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो.

नव्या वस्तूवर असते तरी काय? स्टीलच्या भांड्यास व नळीस यंत्रावर कापताना लागलेले तेल आणि पॉलिशचा मळ राहतो. पितळी भांड्यास ताजी कल्हई असेल, तर सांध्यात नवसागराचा अंश अडकून बसतो. रबरी नळीत पांढरी भुकटी असते, प्लास्टिकच्या यंत्रास साच्याचा उग्र दर्प असतो. शिवाय गोदामातील धूळ आणि आपल्या कोकणातील आषाढ-श्रावणातील बुरशी! हे सर्व सैल करून श्वासाबरोबर आत नेण्यास उष्ण वाफेहून सोयीचे वाहन नाही. पोटात गेलेले जठराग्नी पुष्कळसे निभावून नेतो. फुप्फुसात गेलेल्या कणास तशी सोय नाही.

या संदर्भात ई-सिगारेटचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये तेथील बाजारातील ७५ ई-सिगारेट उत्पादने तपासली. त्यांपैकी १७ उत्पादनांत जिवाणुजन्य विषाचे आणि ६१ उत्पादनांत मुख्यतः बुरशीच्या पेशीभित्तीत आढळणाऱ्या ग्लुकन या द्रव्याचे अंश सापडले. ही उत्पादने कोणी ओढून ठेवलेली नव्हती, नवीच होती. त्याच वर्षी त्या देशात अशी उपकरणे ओढणाऱ्यांत फुप्फुसविकाराची साथ उद्भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत रुग्णालयात दाखल झालेल्यांची संख्या २,८०७ आणि मृतांची ६८ झाली. द्रवात मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे तेलकट द्रव्य त्यास मुख्यतः कारणीभूत ठरले. त्वचेवर जे निरुपद्रवी ते फुप्फुसातही निरुपद्रवी असते, असे नाही. नेब्युलायझरच्या पेल्यात सिद्धतैलाचे दोन थेंब टाकून पाहणाऱ्या उत्साही व्यवसायबंधूंनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

शुद्धीची रीत अवघड नाही. धातूचे भांडे व नळी प्रथम गरम पाण्याने व साबणाने, किंवा रिठ्याच्या पाण्याने, आतून ब्रश घालून धुवावी. चरकोक्त नाडीस्वेदाच्या नळीस दोन-तीन बाक सांगितले आहेत, ते वाफेचा वेग मोडण्यासाठी; परंतु मळही त्याच बाकांत साचतो, तेथे ब्रश पोहोचलाच पाहिजे. नंतर रुग्ण न बसविता केवळ पाण्याची वाफ चांगली दहा-पंधरा मिनिटे सोडावी, ते पाणी टाकून द्यावे आणि वास पाहावा. दर्प जाईपर्यंत हेच पुन्हा करावे. विजेवरील लहान यंत्रात दोनदा साधे पाणी उकळून फेकावे. मात्र विजेचा भाग पाण्यात बुडवू नये. नेब्युलायझरचा पेला, तोंडाचा भाग व मास्क धुऊन, उत्पादकाची अनुमती असल्यास पाच मिनिटे उकळावेत. हवेची नळी कोरडीच ठेवावी. धुतलेले भाग फडक्याने न पुसता वाळवावेत. आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात काहीच वाळत नाही, हे खरे. तेव्हा पेला व नळी जोडून यंत्राची हवा काही मिनिटे आतून खेळवावी. स्टीलसाठी ब्लीचिंगचे द्रावण वापरू नये, त्याने धातूस खड्डे पडतात. आणि ते लिंबू वा व्हिनेगरबरोबर तर कधीच मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. धूमपानाचे यंत्र स्पिरिटने पुसून लगेच पेटविणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय.

तथापि धुण्याने वर लागलेले जाते, अंगचे जात नाही. शिशाच्या डाकाने जोडलेली नळी कितीही उकळली तरी शिसे तेथेच राहणार. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात कांजी उकळली, तर धातू द्रवात उतरणारच. बस्तिनेत्राचे दोष सांगितले ते नेत्र त्याज्य ठरविण्यासाठी, धुऊन चालवून घेण्यासाठी नव्हे. अशी वस्तू विक्रेत्यास परत करावी. किंमत वाया जाईल म्हणून ती रुग्णावर चालविणे आम्हांस व्यवसायधर्मास धरून वाटत नाही.

औषधी दुकानदार बंधूंसही थोडे सांगणे आहे. ‘निकोटिनविरहित’, ‘वनौषधीयुक्त’ अशा नावाने ओढण्याची विद्युत उपकरणे कोणी दुकानात ठेवण्यास सांगेल. ती शुद्ध करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांवर बंदी आहे, आणि निकोटिन नसलेले उपकरणही त्या व्याख्येत येते. अपवाद आहे तो १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना असलेल्या उत्पादनांचा. वेष्टनावर तुळशीचे चित्र छापल्याने तो मिळत नाही. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. केवळ साठा केल्यासही शिक्षा आहे.

वाफाऱ्याची यंत्रे मात्र आपण विकतो, आणि पावसाळा लागला की ती अधिक खपतात. घेणारी बहुधा तान्ह्याची आई असते किंवा दमेकरी वृद्धाचा मुलगा. आतील माहितीपत्रक बहुतेकदा इंग्रजीत व बारीक टाइपात असते. ते घरी कोणी वाचत नाही. पैसे घेताना एवढे सांगावे, की आधी दोनदा नुसते पाणी उकळून ओता, कापूर वा ओवाफूल टाकीत टाकू नका, आणि वाफारा झाल्यावर उरलेले पाणी आत ठेवू नका. गर्दीत सांगणे होत नसेल तर चार ओळींची मराठी चिठ्ठी छापून घ्यावी व खोक्यावर चिकटवावी.